पांढरीवरची दोन मडकी

दादा,

यंदा छतावरच्या माळवदासाठी तुमच्या गावच्या पांढरीवरून अकरा गाड्या माती आली. गाडी-बैल घरचे, म्हणून भाडं पडलं नाही. उकरायला आणि भरायला दोन बाया होत्या, त्यांची अडीच दिवसांची मजुरी, दुपारची भाकरी आपली. बैलांना थोडी सरकी जास्तीची. एक टोपलं फुटलं, ते सोनपेठच्या बाजारातून नवं आणलं, आठ रुपये. माती फुकटची, पांढरी म्हणजे उठलेल्या जुन्या गावाचं टेकाड, ते सगळ्या पंचक्रोशीचं असतं, त्याला कुणी मोल लावत नाही. आणि नवव्या गाडीत, मातीच्या ढिगावर पोतं अंथरून, दोन मोठी मडकी आली. आडवी, एकाच्या तोंडाला दुसऱ्याचं तोंड घट्ट बसवलेलं. आत एक लेकरू आहे. ते तीन हजार वर्षांपूर्वीचं आहे की माझं आहे, एवढं एकच मला तुम्हाला विचारायचं आहे. दुसरं सांगणारं कुणी उरलं नाही. एक होता, त्याला मी पंधरा दिवसांमागं दारातून परत पाठवलं. ते पुढं लिहिते.

तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. जिवंतपणी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, कोसावर माहेर असलेल्या बाईला पत्राचं काय काम. आता मात्र लिहिल्याशिवाय माझ्यानं राहवत नाही. दिवसभर हात कामात असतात आणि डोकं तिथंच. कालच्या एकादशीला पोथी उघडून बसले, एक ओवी चार वेळा वाचली आणि तिचा अर्थ लागला नाही. देवासमोर बसून मी मडक्यांचा विचार करत होते.

सगळं माझ्याच हातानं झालं. दरसाल गाड्या दक्षिणेच्या अंगानं भरतात. तिथं माती कडक, कुदळ उसळते, बाया दर दोन टोपल्यांमागं कंबर धरून बसतात. यंदा यांना तालुक्याला जायचं होतं म्हणून मी स्वतः पांढरीवर गेले. उत्तरेला, ओढ्याच्या अंगानं, एका जागी माती राखेसारखी भुसभुशीत दिसली. पाय ठेवला की आत जायचा. मी म्हटलं, इथंच खणा, तीन दिवसांचं काम अडीच दिवसांत होईल. अर्ध्या दिवसाची मजुरी वाचली म्हणून मी मनात खूश होते. माती मऊ का असते दादा? आधी कुणी उकरून परत भरलेली असते म्हणून. हे मला तुम्हीच शिकवलं होतं, पांढरीवर उभं करून, काठीनं टोचून दाखवून. तीस वर्षांनी त्याच जागी उभी राहिले आणि मला ते आठवलं नाही.

"वहिनी, इकडं या वं जरा. ह्यात कायतरी हाय," वयस्कर बाई म्हणाली. दुसरी म्हणाली, "धन असंल." त्यावर पहिली म्हणाली, "धन असतं तर तुज्या-माज्या कुदळीला लागलं असतं व्हय? लेकरू हाय. भोकातून बघ की." कुदळीनं एका मडक्याचा रुपयाएवढा टवका उडाला होता. मी वाकून पाहिलं. आत राख, आणि राखेत एक काडीसारखं हाड. मी खालीच बसले. बायांना वाटलं उन्हानं घेरी आली. त्यांनी मला पाणी पाजलं आणि मी सांगितलं, फोडू नका, आहे तसं गाडीत घाला.

त्या तशा मडक्यांची आणि माझी जुनी ओळख. मी तिसरीत असेन. आम्ही मुली ठिकरी खेळायला पांढरीवरची खापरं वेचायचो; तांबड्या खापरावर काळ्या रेघा असल्या तर ती ठिकरी लकी म्हणायचो. एकदा एका पावसाळ्यानंतर कडेला मोठं मडकं उघडं पडलं होतं. मी दगड घालून फोडलं, चांगला चापट तुकडा मिळवला, आणि आठवडाभर त्याच ठिकरीनं सगळ्यांना हरवलं. आतून बारीक बारीक हाडं पडली होती, ती आम्हाला कोंबडीची वाटली. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही मला अंगणातून हाताला धरून ओढत पांढरीवर नेलंत. आयुष्यात एकदाही हात न उचललेला माणूस, त्या दिवशी हात वर केलात आणि तो वरच राहिला. मग खाली बसलात. म्हणालात, "हे मडकं नाही बाई. हे पोट आहे. दोन मडकी तोंडाला तोंड लावली की पोट होतं. एका आईचं लेकरू गेलं, तिनं ते परत पोटात घातलं आणि चुलीपाशी भुईत ठेवलं. गावाबाहेर नाही नेलं." मी विचारलं, "आणि ती भाकरी कुठं करायची?" "तिथंच." "विटाळ नव्हता का?" तुम्ही हसलात. "विटाळ अजून निघायचा होता," म्हणालात.

मला तेव्हा किळस आली होती, खोटं कशाला लिहू. तुमच्या वेडाची मला थोडी लाजही वाटायची. गाव तुम्हाला खापऱ्या मास्तर म्हणायचं. आई म्हणायची, "लोकांचे मास्तर शेती घेत्यात, आमचे मास्तर खापरं घेत्यात. लोणच्याला बरणी न्हाई घरात, आन् फुटक्या मडक्यांनी गोठा भरलाय." तुम्ही ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचात आणि आम्हा चौथीच्या वर्गाला घेऊन परत टेकाडावर. तुम्ही निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. म्हणायचात, मिसरचे बादशहा मला तोंडपाठ करायला लावले, सिंधूकाठच्या शहरांची नावं लावली, पण ज्या पांढरीची माती डोक्यावर घेऊन आपण झोपतो तिचं एक अक्षर कुठल्या तवारीखमध्ये, इतिहासाच्या पुस्तकात नव्हतं. मग पाऊसपाण्यानं कापलेल्या कडेला काठी लावून दाखवायचात: ही तांबडी रेघ म्हणजे भाजलेली भुई, ही काळी म्हणजे चूल, हा गोल म्हणजे धान्याचं पेव. "आधी माणूस दगड घेऊन शिकारीमागं पळत होता. मग एका बाईनं दाणे सांडले, ते उगवले, आणि ती म्हणाली, मी आता इथून हलत नाही. सगळी शहरं, सगळे राजे त्या बाईच्या मागून आले." वर्गातली पोरं हसायची. मी हसायचे नाही, पण मलाही ती गोष्टच वाटायची.

मॅट्रिक झाले तेव्हा तुम्ही मला जाड पुठ्ठ्याची वही दिलीत. दुसऱ्या बापांनी पाटल्या केल्या असत्या. म्हणालात, "जे येईल ते लिहीत जा, जे जाईल ते लिहीत जा. या टेकाडाखालच्या लोकांनी सगळं केलं, घरं केली, पेवं केली, रंगीत भांडी केली, एवढं एक केलं नाही. म्हणून आज आपल्याला त्यांचं नावही माहीत नाही." ती सवय मला आजतागायत आहे. लग्नानंतर आत्याबाई सगळ्यांना सांगायच्या, सून शिकलेली हाय, काड्यापेटीतल्या काड्या लिहिती. लिहितेच. पण दादा, लिहून ठेव म्हणून मला सांगणारा माणूस, त्यानं स्वतः एक ओळ लिहायची ठेवली. नेमकी ती.

ते साल तुम्ही विसरला नसाल. मी पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेले. मुलगी झाली, आणि त्याच आठवड्यात विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि जिल्हाभर आग लागली. आपल्या गावच्या वस्तीतली चार घरं जाळली. जाळणारे बाहेरचे नव्हते, तुमच्या हाताखाली बाराखडी शिकलेले होते. तुम्ही शाळेची खोली उघडलीत आणि त्या घरातल्या बायकापोरांना आत घेतलंत. दुसऱ्या दिवसापासून आपल्या दारात विस्तव मागायलासुद्धा कुणी आलं नाही. सहाव्या दिवशी पोरगी अंगावर प्यायची थांबली. अंग तापलं. एस. टी. बंद, पिंगळीच्या ठेसनापर्यंत न्यायचं तर बैलगाडीशिवाय इलाज नाही, आणि आपल्याला गाडी नव्हती. तुम्ही तीन घरी गेलात. तिन्ही घरी एकच उत्तर: "मास्तर, गाडीचं चाक मोडलंय." तुम्ही येऊन ओसरीवर बसलात. मी आतून विचारलं, मिळाली का? तुम्ही म्हणालात, मिळेल. नवव्या दिवशी दुपारी ती गेली. बारसं व्हायचं होतं, तिला नाव नव्हतं.

गावातलं माणूस फिरकलं नाही. ज्याचं कुटुंब शाळेत होतं त्या वस्तीतल्या माणसानं फावडं आणलं, आणि तुम्ही तिला आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून घेतलंत. तिच्या हातातल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या मी काढू दिल्या नाहीत. मी खाटेवरून उठायला गेले तर आईनं दाबून धरलं. "आईनं जागा बघायची नसती. पाय तिकडं वळत्यात, कूस उजवत न्हाई पुन्ना." तुम्ही परत आलात, अंगावरून पाणी घेतलंत. मी विचारलं, कुठं? तुम्ही म्हणालात, "नीट जागी ठेवलीय बाई." त्यानंतर पाच वर्षं तुम्ही जिवंत होतात आणि मी परत विचारलं नाही, कारण चालत आलेली रीत मोडायची नव्हती आणि मला अजून मुलं हवी होती. देवानं दोन मुलगे दिले, सुखरूप आहेत. फावडं आणणारा माणूस महिन्याभरात घरदार सोडून गेला. कुणी म्हणतं पुण्याला, कुणी म्हणतं कल्याणला. त्याचा पत्ता काढायचा प्रयत्न मी या महिन्यात केला. वस्तीतल्या म्हातारीनं मला ओट्यावर बसू दिलं, चहा दिला, आणि म्हणाली, "बाई, गेलेल्यानं ह्या गावाकडं परत बघावं असं तुमी काय ठिवलं होतं?" मी चहा पिऊन उठून आले.

मी तुम्हाला दोष दिला का? दिला. शाळेचं कुलूप उघडलं नसतं तर गाडी मिळाली असती, असा हिशेब मी कित्येक वर्षं मनात केला. तुम्ही बरोबर होतात हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर बोलता आलं नाही. तुमच्याकडं बघून मी नमस्कार करायचे आणि मनात म्हणायचे, यांनी चार घरांची लेकरं वाचवली आणि माझं एक नाही. देवाला हे सांगितलंय, तुम्हाला पहिल्यांदा सांगतेय.

मडकी घरी आणल्यावर मी गोठ्यात टोपल्याखाली झाकून ठेवली आणि पापड लाटायला मदत करते म्हणून आईकडं गेले. लाटता लाटता विचारलं, तिला कुठं नेलं होतं? आईचं लाटणं थांबलं नाही. "बारा वर्सांनी कशाला उकरायलीस ते? पुरुषाचं काम. मी इचारलं न्हाई, त्यायनी सांगितलं न्हाई." मग दोन पापड झाल्यावर स्वतःच म्हणाली, "गोठ्यात दोन मोठी मडकी होती बघ तुज्या दादाची. मी त्यात राख ठिवायचे भांड्याला. त्या दिसापासनं दिसली न्हाईत. मला वाटलं कुणी नेली. आता तसली मडकी कोण न्यायलंय." माझ्या हातातला पापड फाटला. आई म्हणाली, "बघून लाट, उडदाचा भाव म्हाइत हाय न्हवं?"

तुमची पेटी अजून माळ्यावर आहे. उंदरांनी कडा खाल्ल्यात, पण वह्या आहेत. प्रत्येक खापराची नोंद, तारीख, बाजू, किती हात खोल. त्यात मला हे सापडलं: "उत्तरेची बाजू, दोन हात खोल. दोन मडकी, तोंडाला तोंड. उघडू नयेत. जागेवर ठेवली." वर तारीख नाही. सबंध वहीत बिनतारखेची ही एवढीच नोंद. मागचं पान त्या सालाच्या होळीचं आहे, पुढचं पान दिवाळीनंतरचं. मधे सगळा पावसाळा. जागेवर ठेवली म्हणजे काय दादा? सापडली ती जागेवर राहू दिली, की तुम्ही नेऊन जागेवर ठेवली? मराठी शिकवणाऱ्या माणसानं असं कसं लिहावं.

मग मी ते केलं जे करायला नको होतं. गोठ्यात जाऊन टवका उडालेल्या भोकातून दोन बोटं आत घातली. मनगट्यांचे मणी लागले तर ती माझी, असं देवाला सांगून घातली. आत राख गार होती. बोटाला काहीतरी गोल लागलं. खडा असेल, मणी असेल. त्या काळच्या आयाही लेकराच्या गळ्यात मणी घालत होत्या, तेही तुम्हीच सांगितलेलं. राख आईची म्हणावी तर पांढरी सगळी राखच आहे. बाहेर काढून बघितलं असतं तर रंग कळला असता, काच आहे की माती आहे ते कळलं असतं. मी हात बाहेर काढला. बोटं कितीतरी वेळ धुतली नाहीत.

चार दिवसांनी ताडकळसला यांच्या मावसभावाकडं लग्न होतं. मी म्हटलं, कडेची माती अजून ओली आहे, चोपायची राहिलीय, मी थांबते. आत्याबाई गाडीत चढता चढता म्हणाल्या, "लग्नाला न्यायचं म्हटलं की हिला माळवद आठवतं. आहेर वाचवायलीय." सगळे गेले. भर दुपारी मी स्वयंपाकघरात चुलीच्या डाव्या हाताला पहारीनं भुई फोडली, खुरप्यानं माती काढली, दोन हात खोल. मडकी माझ्या नव्या लुगड्यात गुंडाळली. खाली ठेवताना काय म्हणावं ते सुचेना. ते जुन्या काळचं लेकरू असेल तर त्याच्या कानावर रामाचं नावही कधी पडलेलं नसणार. शेवटी मी बारशाचा पाळणा म्हटला, हळू आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नावाच्या ओळीला आले आणि नुसतं गुणगुणले. मग माती लोटली, धुम्मसानं दाबली आणि शेणानं सारवलं. आत्याबाईंनी आल्या आल्या ओळखलं की जमीन ओली आहे. मी म्हटलं, उंदरांनी पोखरलं होतं. मडक्यांचं यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, गंगेला सोडून आले.

आणि पंधरा दिवसांमागं पुराणवस्तू खात्याचे साहेब आले. जीपमधून, धूळ खात, औरंगाबादेहून. आता शाळेवर आहेत त्या गुरुजींनी त्यांना कळवलं होतं. ओसरीवर बसले, चहा घेतला, मला ताई म्हणाले. बोलायला फार गरीब माणूस. मडकी विचारली. मी पदर पुढं ओढून सांगितलं, गोदावरीत सोडली. यांनीही री ओढली, "बायामाणसाचं काम साहेब, हाडं घरात कशी ठिवतील?" साहेबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, हाड हातात आलं असतं तर मी लगेच सांगितलं असतं. जुनं हाड जिभेच्या टोकाला लावलं की चिकटतं, नवं चिकटत नाही. त्यांनी हे सहज सांगितलं, आणि माझी नजर आत चुलीकडं गेली. मग त्यांनी बॅगेतून एक फाईल काढली. "ताई, मी गुरुजींच्या निरोपामुळं आलोच, पण त्याआधीपासून येणार होतो. तुमच्या वडिलांची पत्रं आमच्या कार्यालयात होती. कुणी उघडून नीट वाचली नव्हती. मी वाचली. उत्तरेच्या बाजूला दोन मडकी आहेत, ती कुणी उकरू नयेत, असं त्यांनी एका पत्रात लिहिलंय. मीच उशिरा आलो."

तुम्ही ती पत्रं लिहीत बसायचात ते मला दिसतंय. पाटावर कागद, टाक, दौत. एकाचंही उत्तर आलं नाही आणि आई म्हणायची, तिकिटाच्या पैशात तेल आलं असतं. ज्याची तुम्ही हयातभर वाट पाहिलीत तो माणूस माझ्या ओसरीवर बसला होता आणि मी त्याच्याशी खोटं बोलत होते. आणि त्या पत्रावर तारीख होती, दादा. तुम्ही बिनतारखेचं पत्र लिहिणार नाही. ते पत्र ती जन्मायच्या आधीचं असेल तर मडकी जुनी, नंतरचं असेल तर माझी. फाईल माझ्यापासून हातभर अंतरावर उघडी होती. नुसतं एवढं म्हणायचं होतं, साहेब, तारीख कोणती? यांनाही त्यात काही वावगं वाटलं नसतं. मी कप उचलले आणि आत गेले. चुलीपाशी उभी राहिले. बाहेर जीप चालू झाल्याचा आवाज आला तरी उभीच.

तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. ती माझी असेल तर अर्ध्या दिवसाच्या मजुरीसाठी मी तिच्यावर कुदळ घालायला लावली. ती माझी नसेल तर माझी कुठं आहे? त्याच मऊ मातीच्या अकरा गाड्या मी माळवदावर पसरल्या, पाणी शिंपडलं, बायांनी चोपल्या. मुलं वर पतंग उडवायला जातात, मी त्यांना ओरडून खाली बोलावते, आणि का ओरडते ते सांगू शकत नाही. जेवताना आढ्याकडं नजर जाते. खाली बघावं तर भुई. देवाचा नैवेद्य त्या चुलीवर करायला हात धजत नाही, म्हणून मी रॉकेलच्या स्टोव्हवर वेगळा करते. आत्याबाई म्हणतात, "काड्या मोजणारीला आता रॉकेल स्वस्त झालंय." रोजची भाकरी मात्र तिथंच थापते. डाव्या हाताला तिला ऊब लागत असेल असं वाटतं. सोवळं पाळणारी बाई मी, हाडांशेजारी स्वयंपाक करते आणि सगळ्यांना वाढते. याचं पाप कुणाला लागेल? मुलांना लागू नये एवढं देवाला सांगत असते. तो ऐकतो की नाही, कळायला मार्ग नाही.

साहेबांचा पत्ता यांच्याकडं कागदावर लिहिलेला आहे. एक पोस्टकार्ड टाकलं की तारीख कळेल. पंधरा दिवस झाले, कार्ड आणून ठेवलंय, त्यावर मी अजून शाईचा ठिपका पाडलेला नाही. तुम्हाला मात्र एवढं लांबलचक लिहिलं. तुम्हाला विचारायला मला भीती वाटत नाही, आणि का वाटत नाही ते मी जाणून आहे.

ती माझी नसली तरी आता मी तिला उकरून कुणाच्या हाती देणार नाही, एवढं तुमच्यापाशी कबूल करते. तरी काय ते दोन ओळींत, उलट टपाली कळवा.